गॅरेजमधला टीअरड्रॉप ट्रेलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या, घरी गॅरेज असलेल्या आणि सुतारकामाची थोडीफार सवय असलेल्या वाचकांसाठी ही उत्तरं आहेत. मापं इंच-फुटांत आणि वजनं पौंडांत दिली आहेत, कारण दुकानात प्लाय आणि पत्रा त्याच मापांत मिळतो.

टीअरड्रॉप म्हणजे नेमकं काय?

पुढे दोघांपुरतं अंथरूण आणि मागे वर उघडणाऱ्या झाकणाखाली ओटा, असा हा छोटा ट्रेलर. बाजूने तो पाण्याच्या थेंबासारखा दिसतो, म्हणून हे नाव. अमेरिकेत १९३०च्या दशकात तो रुजला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी बांधला जाऊ लागला. आत उभं राहता येत नाही, कपडे बसून बदलावे लागतात. हे पटत नसेल तर दुसरा नमुना निवडा. उभं राहण्यापुरती उंची वाढवली की वजन, वारा आणि गॅरेजचं दार असे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर येतात.

रुंदी चार फूट ठेवावी की पाच?

चार फुटी ट्रेलरला ४×८चा प्लाय आणि पत्रा सरळ बसतो, नासाडी कमी होते. पण पाऊण इंची भिंती जमिनीच्या फळीवर उभ्या केल्या तर आत साडेशेहेचाळीस इंचच उरतात. डबल बेडची गादी ५४ इंचांची असते, त्यावरून काय ते समजा. पाच फुटी ट्रेलरमध्ये भिंती फळीच्या बाहेरून लावल्या तर ६० इंची क्वीन गादी बसते. मात्र जमिनीला आणि छताला जोड येतो आणि पत्रा पाच फुटी मागवावा लागतो. दोघं रोज रात्री झोपणार असाल तर पाच फूटच घ्या. चार फुटी ट्रेलर एकट्यासाठी उत्तम.

आठ फूट म्हणजे ९६ इंच लांबीत ७६ इंच अंथरूण आणि २० इंच स्वयंपाकघर बसतं. पायांच्या वरच्या बाजूला कपाट आत सरकवलं की ओट्याला खोली मिळते. घरात कोणी पावणेसहा फुटांहून उंच असेल तर लांबी दहा फूट धरा.

आमची गाडी हा ट्रेलर ओढेल का?

गाडीचं मॅन्युअल उघडा, अंदाज नको. पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीची मर्यादा १,५०० पौंड आहे, टोयोटा सिएनाची ३,५००. एकाच नावाच्या गाडीची मर्यादा वर्षानुसार आणि मॉडेलनुसार बदलते. गाडी, हिच (गाडीमागचा जोड), बॉल (त्यावरचा गोळा) आणि कप्लर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी पकड) या चौघांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा. क्लास १ हिच २,००० पौंड ओढते आणि टंगवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, २०० पौंड झेलते. ती ३,५०० पौंडांच्या गाडीला लावली तरी २,०००च ओढणार.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टंगचं वजन गाडीवर पडतं, म्हणजे ते प्रवासी आणि सामान यांच्या हिशेबात धरायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तो एकूण आकडा असतो. आई-बाबा भारतातून आलेत, मागे दोन मुलं, बॅगा आणि वर टंगचे १४० पौंड, एवढ्यात तो आकडा सहज ओलांडला जातो.

भरलेल्या ट्रेलरचं वजन किती होतं?

नेटका बांधलेला ५×८ ट्रेलर रिकामा असताना साधारण ९०० ते १,००० पौंड आणि सामानासह १,२००च्या आसपास भरतो. वजन चढतं ते प्लायमुळे. पाऊण इंची बर्च प्लायचा एक ४×८ ताव ७० ते ७५ पौंडांचा असतो, पाव इंचीचा २५च्या आत. पत्र्याचं मात्र उगाच नाव होतं. चाळीस हजारांश इंच जाडीच्या ४×१० ॲल्युमिनियमच्या तावाचं वजन जेमतेम २३ पौंड. कपाटं पाऊण इंची प्लायची करू नका. आतली कपाटं पाव इंची प्लाय आणि पातळ पट्ट्यांच्या चौकटीवर छान उभी राहतात. घरच्या फर्निचरची सवय इथे महागात पडते.

चेसिस विकत घ्यावी की वेल्ड करावी?

वेल्डिंग रोजच्या हातातलं नसेल तर विकत घ्या. टंगचा सांधा रस्त्यावर सुटला तर त्याला दुसरा आधार नसतो. नट-बोल्टांनी जोडायची ४×८ किट चालते, पण सोबत आलेले साधे नट वापरू नका. नायलॉन कडीचे नट लावा, किंवा आट्यांवर थ्रेड-लॉक टाका. किट घडीची असेल तर घडीचा सांधा कायमचा बोल्टने पक्का करा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग करायचंच असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

ॲक्सल वजनाला साजेसा हवा. १,२०० पौंडांच्या ट्रेलरखाली ३,५०० पौंडांचा ॲक्सल घातला तर पाटे हलतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सांध्यांना बसतो. स्क्रू आपोआप सैल होणं, दाराची कडी न लागणं या तक्रारी बऱ्याचदा इथूनच सुरू होतात. २,००० पौंडांचा ॲक्सल पुरे.

ॲक्सल नेमका कुठे बसवायचा?

लाकूड कापण्याआधी हा हिशेब कागदावर व्हायला हवा, कारण नंतर ॲक्सल सरकवणं म्हणजे मडगार्ड, वायरिंग आणि कधी कधी दारही हलवणं.

टंगवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. त्याहून कमी पडला की ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो, फार जास्त झाला की गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

हिशेब असा. प्रत्येक भागाचं वजन लिहा आणि त्याचा मध्य कप्लरपासून किती इंचांवर आहे ते मोजा. वजन गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. आलेला आकडा म्हणजे गुरुत्वमध्याचं कप्लरपासूनचं अंतर. टंगवर १२ टक्के हवे असतील तर या अंतराला ०.८८ने भागा, ॲक्सलची जागा मिळाली.

समजा कप्लरपासून पेटीच्या पुढच्या कडेपर्यंत ४२ इंच आहेत, पेटी ९६ इंचांची आहे आणि गुरुत्वमध्य कप्लरपासून ८८ इंचांवर आला. ८८ भागिले ०.८८ म्हणजे १००. ॲक्सल कप्लरपासून १०० इंचांवर, अर्थात पेटीच्या पुढच्या कडेपासून ५८ इंचांवर. हे पेटीच्या लांबीच्या ६० टक्के होतात. जुने बांधणारे ‘साठ टक्के मागे’ म्हणतात ते यामुळेच, पण तो ठोकताळा आहे. तुमचा ओटा जड असेल तर तो चुकतो.

किती चुकतो तेही पाहा. बर्फ भरलेला ५० पौंडांचा कूलर मागच्या ओट्यात, कप्लरपासून १३२ इंचांवर ठेवला. ॲक्सलच्या मागे ३२ इंच, म्हणून ५० गुणिले ३२ भागिले १००, म्हणजे टंगवरून १६ पौंड उतरले. दहा गॅलन पाण्याची टाकी साधारण ८३ पौंडांची. ती मागे १३० इंचांवर लावली तर आणखी २५ उतरले. १२ टक्क्यांचे १४४ पौंड होते, ते १०३वर आले, आणि एकूण वजन मात्र वाढलंय. म्हणून पाण्याची टाकी ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, बॅटरी टंगवर. मागे फक्त डबे आणि भांडी.

टंगचं वजन मोजायचं कसं?

बाथरूममधला वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, प्रवासाला निघाल्यासारखा भरलेला, चाकांना ओट लावलेली. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा, त्यावर कप्लर टेकवा. कप्लर गाडीच्या बॉलच्या उंचीवरच हवा, वर-खाली झाला तर आकडा बदलतो. एकूण वजनासाठी ट्रक स्टॉपवरचा काटा वापरा आणि तिथली पावती जपून ठेवा, नोंदणीच्या वेळी मागतात.

ट्रेलर डोलायला लागला तर काय करायचं?

ॲक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हलके लावा. वेग वाढवून डोलणं थांबत नाही. थांबल्यावर सामान पुढे हलवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, ती काही उगाच नाही.

भिंतींचा गोलावा दोन्ही बाजूंना सारखा कसा येतो?

दोन्ही भिंती एकदम कापू नका. आधी पाव इंची स्वस्त हार्डबोर्डवर नमुना काढा. लवचीक पट्टी खिळ्यांच्या आधाराने वाकवून पेन्सिलीने रेघ मारा, दूर उभं राहून डोळ्यांनी बघा. कुबड दिसलं तर आत्ताच घासा. नमुना पसंत पडला की तो प्लायवर ठेवून रेघ ओढा, जिगसॉने रेघेच्या एक-दोन सूत बाहेरून कापा आणि बेअरिंगवाल्या राउटर बिटने नमुन्याला टेकवून कड साफ करा. दुसरी भिंत पहिल्या भिंतीवरून काढा, पुन्हा नमुन्यावरून नको.

छतासाठी दर १० ते १२ इंचांवर आडव्या पट्ट्या, त्यांवर आतून एक अष्टमांश इंची प्लाय. गोलावा जिथे तीव्र आहे तिथे पट्ट्या सहा इंचांवर आणा. प्लाय तडकत असेल तर ताव फिरवून पाहा, एका दिशेने तो दुप्पट वाकतो. बाहेरच्या बाजूवर ओला पंचा तासभर ठेवला तरी बराच फरक पडतो. पट्ट्यांमधल्या पोकळीत पाऊण इंची फोम बसतो. वायरी त्याआधी टाका. फोम आणि पत्रा लागल्यावर वायर ओढणं हा ज्याने त्याने एकदाच करायचा प्रकार आहे.

पत्रा प्लायला चिकटवायचा का?

नाही. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी जास्त पसरतो. दहा फुटी पत्रा थंडीतल्या पहाटेपासून उन्हातल्या दुपारपर्यंत ४० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे एक नवमांश इंच लांब होतो. पूर्ण चिकटवला असेल तर जायला जागाच नसते, मग तो फुगतो आणि दर दुपारी डब्याच्या झाकणासारखा टपटप वाजतो. पत्रा तरंगता ठेवा. कडेची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा, वरून कडपट्टी येते, ती भोकं झाकते आणि पत्रा धरून ठेवते. स्क्रू स्टेनलेसचेच. साधे लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी ओघळ येतात.

पाणी आत येतं कुठून?

बहुतेक वेळा तुम्ही बघताय तिथून नाही. छतावरच्या पंख्याच्या चौकटीतून शिरलेलं पाणी पट्टीवरून वाहत जाऊन दोन फुटांवर उशीजवळ टपकतं, आणि माणूस खिडकीला दोष देत बसतो. गळतीच्या नेहमीच्या जागा चार: कडपट्टीखालचे स्क्रू, पंख्याची चौकट, मागच्या झाकणाची बिजागरी, आणि भिंतीची खालची कड जिथे चाकाचं पाणी उडतं.

कडपट्टीखाली सिलिकॉन वापरू नका. सुरुवातीला ते छान दिसतं, पण पत्रा सरकला की एका बाजूने सुटतं, आणि त्याच्या अवशेषांवर पुढे रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. ब्यूटाइल टेप वापरा. ती कायम मऊ राहते. टेप लावा, कडपट्टी दाबा, स्क्रू अर्धवट आवळा, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा आवळा. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढा. पंख्याच्या चौकटीवर, स्क्रूंच्या डोक्यांसकट, छतासाठीचं आपोआप पसरणारं सीलंट घाला.

प्लायची कड म्हणजे स्ट्रॉंचा जुडगा. खिडकीसाठी कापलेली कड, भिंतीची खालची कड, वायरीसाठी पाडलेलं भोक, जिथे जिथे प्लायचे थर उघडे दिसतात तिथे पॉलियुरेथेन पाजा. तेलाचं पॉलियुरेथेन घ्या, पहिल्या हातात निम्मं मिनरल स्पिरिट मिसळा म्हणजे ते आत शिरेल, पुढचे दोन-तीन हात घट्ट. जमिनीच्या फळीला खालून डांबरी लेप, तोही चेसिसवर ठेवण्याआधी. पॉलियुरेथेनचे बोळे, चिंध्या गोळा करून ठेवू नका. अशा तेलकट चिंध्या आपोआप पेट घेतात, त्या उघड्यावर पसरून वाळवा.

शेवटी चाचणी. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर न्या, दर टप्प्यावर पाच मिनिटं. सरळ छतावर पाणी सोडलं तर गळतं हे कळेल, कुठून ते कळणार नाही.

मागचं झाकण बसत नाही, खाली इंचभर फट राहते. का?

ही जवळपास प्रत्येकाची तक्रार. वाकवलेला प्लाय साच्यातून काढला की थोडा सरळ होतो. झाकणाच्या फासळ्या सरळ पट्ट्या वाकवून केल्या असतील तर त्याही सरळ होतात आणि खालची कड बाहेर येते. फासळ्या पाऊण इंची प्लायमधून गोलाव्यातच कापून काढा. आतला आणि बाहेरचा पातळ प्लाय दोन्ही एकाच वेळी, झाकण ट्रेलरवर जागेवर असताना, पट्ट्यांनी आवळून चिकटवा आणि २४ तास हलवू नका. आत फक्त एक बाजू चिकटवून झाकण काढलंत तर ते उघडणारच.

बाजूला एक अष्टमांश इंच फट हवी, रबरी सील तिथेच बसतं. बिजागरी ॲल्युमिनियमची, सलग लांबीची, एकमेकींत अडकणाऱ्या दोन भागांची घ्या. पियानो बिजागरीला कितीही सीलंट लावलं तरी ती गळते. गॅसचे दांडे झाकणावर पूर्ण पत्रा चढल्यावरच निवडा, वजन तेव्हाच कळतं.

दिव्यांच्या वायरी कशा जोडायच्या?

चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी टेल लॅम्प, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक. कडेला पुढे पिवळसर आणि मागे लाल दिवे, नंबरप्लेटवर पांढरा. इंडिकेटर लावल्यावर सगळेच दिवे मंद लुकलुकत असतील तर नव्वद टक्के अर्थिंगचा दोष. चेसिसला रंगावरून लावलेला स्क्रू काढा, लोखंड चमकेपर्यंत घासा, पुन्हा लावा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पांढरी वायर द्या.

बॅटरी किती मोठी लागेल? इंडक्शन चालेल का?

पंखा, दोन एलईडी आणि फोन यांना १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन-तीन रात्री आरामात पुरते. ती सुमारे २५ पौंडांची असते, त्याच क्षमतेची एजीएम (सीलबंद शिशाची बॅटरी) साठच्या वर. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नका, खराब होते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. १,८०० वॉटची इंडक्शन बारा व्होल्टवर १५० अँपिअर ओढते, तेवढ्यासाठी वायरी आणि इन्व्हर्टर परवडत नाहीत. गॅसची शेगडी घ्या.

स्वयंपाकाचा ओटा आपल्या जेवणासाठी कसा आखावा?

टीअरड्रॉपची खरी मजा इथे आहे, फोडणीचा ठसका अंथरुणापर्यंत पोचत नाही. पण ओटा आणि अंथरूण यांच्यामधल्या फळीला वायरीसाठी पाडलेली भोकं बुजवली नाहीत तर हिंगाचा वास गादीत महिनाभर राहतो. शेगडीच्या वरची जागा मोजा. तीन लिटरचा कुकर, शिट्टी आणि वर हाताला जागा धरून १६ इंच तरी लागतात. शेगडी बाहेर सरकणाऱ्या खणावर ठेवली तर उत्तम, म्हणजे वाफ झाकणाच्या प्लायवर बसत नाही. मसाल्याच्या डब्याच्या खणाला दाबून उघडणारी कडी लावा. चुंबकाची कडी पहिल्या वळणावर सुटते आणि हळद सगळीकडे होते.

योसेमिटीसारख्या अस्वलांच्या जागी अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायची परवानगी नसते. कॅम्पसाइटवरची लोखंडी पेटी वापरा, लोणच्याची बरणीसुद्धा तिथेच.

सकाळी भिंती ओल्या का होतात?

दोन माणसं रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे अर्धा लिटरच्या आसपास पाणी सोडतात. ते थंड पत्र्यापाशी साठतं. छताचा १४×१४ इंची पंखा अगदी मंद आणि एक खिडकी बोटभर उघडी, थंडीतसुद्धा. आत गॅसचा हीटर किंवा शेगडी कधीही पेटवू नका. एवढ्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठायला वेळ लागत नाही. त्याचा अलार्म डोक्याच्या बाजूला बसवा.

नोंदणी कशी होते?

नियम राज्यागणिक वेगळे. साधारणपणे घरी बांधलेल्या ट्रेलरला राज्य स्वतःचा क्रमांक देतं, त्याआधी तपासणी होते. चेसिस, ॲक्सल, टायर, दिवे यांच्या पावत्या, बांधकामाचे फोटो आणि वजनाची पावती एका पाकिटात ठेवा. ब्रेकचा नियम आधी वाचा. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड आणि त्यावरच्या कॅम्प ट्रेलरला ब्रेक लागतात. साखळ्या टंगखाली एकमेकींना ओलांडून अडकवा, कप्लर निसटला तर टंग त्यांवर झेललं जातं. सोसायटीच्या म्हणजे एचओएच्या नियमांत ड्राइव्हवेवर ट्रेलर ठेवायची बंदी आहे का, तेही पाहून घ्या.

हेच पुण्यात किंवा नाशकात बांधता येईल का?

बांधता येईल, रस्त्यावर आणणं अवघड. भारतीय कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्याला नोंदणी लागते, आणि त्याआधी नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता. एकट्या माणसाने एकाच ट्रेलरसाठी हे करणं खर्चिक आहे.

गॅरेजमधून तो बाहेर निघेल ना?

हसू नका, अडकलेले आहेत. नेहमीचं दार सात फूट उंच. बारा इंची चाकांवरचा, चार फुटी पेटीचा ट्रेलर पंख्यासकट सहा फुटांच्या आसपास येतो आणि निघतो. पंधरा इंची चाकं, उचललेली चेसिस आणि वर सामानाचा रॅक घेतला की निघत नाही. दार उघडं असताना त्याची खालची कड किती लोंबते तेही मोजा, सातातले तीन-चार इंच तिथे जातात.

थंड प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत चिकटवायचं काम ठेवू नका. पिवळा वुड ग्लू साधारण ५५ अंश फॅरनहाइटखाली खडूसारखा पांढरा पडतो आणि सांधा हाताने उकलतो.

पहिल्या प्रवासात काय तपासायचं?

चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा आवळा. नव्या चाकांचे नट हमखास ढिले होतात. प्रत्येक थांब्यावर हबला हाताचा मागचा भाग लावा. कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंग फार आवळलंय किंवा ग्रीस कमी आहे. टायरची हवा ट्रेलर टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी, तीही थंड असताना. पहिली रात्र घराच्या ड्राइव्हवेवर काढा, कोणती वस्तू राहिली ते आत जाऊन आणता येतं.